मेणावरचा चावा

गल्लीने तिचे खरे नाव केव्हाच बाजूला ठेवले होते. तीस वर्षे ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवत आली, म्हणून ती कवळीताई. समोरचा हसला की तिची नजर आधी त्याच्या दातांवर जाई, मग चेहऱ्यावर. लग्नाला हिने माझी दाढ पाहून होकार दिला, असे तिचा नवरा अजूनही सांगतो, आणि ती ते खोडून काढत नाही.

जेवणाच्या टेबलाला लागून तिची खाऱ्या पाण्याची टाकी होती. तिच्यात जांभळ्या टोकांचे, फांद्याफांद्यांचे प्रवाळ. ते मूळचे धाकट्या भावाचे. त्याने आपली टाकी मोडली तेव्हा अंगठ्याएवढा तुकडा तिच्या हाती दिला होता. सहा वर्षांत तो ओंजळीत मावेनासा झाला. त्याखालच्या कपारीत एक हिरवा खेकडा राहत असे. खडकावर शेवाळाचे फुगीर मणी माजले होते आणि टाकीतले मासे त्यांना तोंड लावीनात, म्हणून तिने त्याला मुद्दाम आणले होते. महिन्याभरात त्याने खडक लख्ख केला.

आणि आता प्रवाळाची टोके तुटू लागली. रोज सकाळी वाळूवर दोन-तीन पांढरे तुकडे पडलेले दिसत. बुधवारी भाऊ आला, काचेला नाक लावून उभा राहिला आणि निकाल देऊन मोकळा झाला. रविवारपर्यंत खेकडा घराबाहेर, नाहीतर प्रवाळ डब्यात घालून मी एका मित्राच्या टाकीत नेऊन सोडतो.

"पुरावा?" तिने विचारले.

"ताई, त्याला नांग्या आहेत. आणखी काय हवं?"

"माझ्या चिमट्यालाही दोन टोकं आहेत. मी खाते का प्रवाळ?"

भाऊ हसला, पण मुदत काही त्याने वाढवली नाही. तीही मागायला गेली नाही. प्रवाळ द्यायचे नाही आणि शहानिशा झाल्यावाचून खेकड्याला हाकलायचे नाही, हे तिने भाऊ जिना उतरण्याआधीच ठरवले होते.

गुरुवारी तिने वाळूतले तुकडे उचलून कामाच्या टेबलावर भिंगाखाली धरले. प्रत्येकावर शेजारी शेजारी दोन खाचा होत्या, सुईने काढल्यासारख्या. मग तिने तेच केले, जे ती रोज करते. जबडा कसा मिटतो हे कळावे म्हणून रोग्याला मेणाच्या पट्टीवर चावा घ्यायला लावतात. त्या मेणाची तिने चकती कापली, तिला कोळंबीचा रस चोळला आणि चिमट्यात धरून कपारीपुढे नेली. नवरा पेपर खाली ठेवून म्हणाला, की याचीही कवळी करायची असेल तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी माग.

खेकडा पुढे सरसावला. मेणावर चमच्याच्या टोकासारखे बोथट, उथळ ठसे उमटले. तुटलेल्या टोकांवरच्या खाचा त्याच्या नव्हत्या.

तिथेच थांबता आले असते. पण जुळणारी बाजू तपासावी तशी न जुळणारीही तपासावी, ही तिची सवय. अगदी खालच्या एका फांदीवर तिला बोथट खरवड दिसली आणि तिने ठसा शेजारी धरला. हा मात्र त्याचाच होता. ती खुर्चीवर बसली. शेवाळ संपून महिना झाला होता. जास्त खाद्य टाकले की पाणी नासते, या धास्तीने ती माशांपुरतेच मोजून टाकत असे, आणि ते खाली पोचण्याआधी मासे फस्त करत. ज्याला कामावर आणले, त्याचे काम संपल्यावर त्याच्या पोटाचे काय, हे तिच्या मनातच आले नव्हते. त्या दिवसापासून कपारीच्या तोंडाशी दिवसाआड कोळंबीचा कण किंवा सुक्या समुद्री शेवाळाचा तुकडा ठेवायचा, असे तिने ठरवले.

दोन खाचा पाडणारा दुसरा मात्र अजून सापडायचा होता. तिने एक उंच काचेचा पेला खडकाला तिरका टेकवला आणि तळाशी कोळंबी ठेवली. आत उतरणाऱ्याला गुळगुळीत काचेवरून वर चढता येणार नव्हते. शुक्रवारी पेला रिकामा. शनिवारी आत हिरवाच, तोही जेवून सुस्त. तिने त्याला सोडले आणि पेला पुन्हा लावला, या वेळी प्रवाळाच्या मागे, चार महिन्यांपूर्वी आणलेल्या नव्या खडकाजवळ.

रविवारी सकाळी पेल्यात एक तपकिरी, केसाळ खेकडा होता. नांग्यांची टोके काळी आणि टोकदार. त्या खडकाच्या भोकात लपूनच तो घरात आला असणार. तिने त्याच्यापुढेही मेण धरले. शेजारी शेजारी दोन खाचा.

भाऊ डबा घेऊन आला तेव्हा टेबलावर दोन चकत्या आणि तुटकी टोके ओळीने मांडलेली होती. त्याने भिंग दोनदा फिरवून पाहिले. खालच्या फांदीची गोष्टही तिने लपवली नाही. ती चूक माझी, म्हणाली.

"मग या केसाळ्याला फेकून दे," भाऊ म्हणाला.

"फेकायचं कशाला? तू डबा आणलायस ना. माळ्यावरची छोटी टाकी आणि पंपही घेऊन जा."

"मी? ताई, मी टाकी मोडली त्याला सहा वर्षं झाली."

"म्हणूनच. त्याच्याजवळ प्रवाळ ठेवू नकोस, मासे ठेवू नकोस. आणि उपाशी ठेवू नकोस."

भावाने डबा टेबलावर ठेवला. मग त्याने बाह्या वर केल्या आणि पाण्यात मीठ किती घालायचे ते विचारले.