दोन ब्रेकांमधली कडी

ज्ञानदेव तात्याचा पाय दहा नंबरचा. चौथीत असताना गुरुजींनी कवायतीसाठी इंदापुरातनं कॅनव्हासचे बूट मागवले, तेव्हा दुकानदारानं उलट निरोप धाडला होता की बाकीची मापं पोरांची दिसतात, हे एक मास्तरांचं चुकून आलंय का? आम्ही दोघं अंथुर्ण्याच्या शाळेत एकाच पोत्यावर बसायचो. पोतं माझ्या घरचं, पण त्यातला पाऊण हिस्सा त्याच्या मांडीखाली. मी कुरकुर केली की म्हणायचा, "दत्तू, तुला कशाला पाहिजे पोतं? तू तर निम्मा दिवस अंगठं धरून वाकलेला असतोस." खरं होतं ते, म्हणून जास्त झोंबायचं.

पायाचं आधी सांगितलं, कारण ही गोष्ट शेवटी त्या पायापाशीच येऊन थांबते. गोष्टीला फाटे फोडायची मला खोड आहे, नातवंडं मधूनच उठून जातात. या गोष्टीत मात्र फार लांब जाववत नाही.

शाळा सुटल्यावर तात्या कळसला रावजी बागवाल्यांच्या द्राक्षबागेत कामाला लागला. तिथं त्याच्या हाताखाली तो छोटा ट्रॅक्टर आला. लाल रंगाचा, परदेशी बनावटीचा, बॉनेट जेमतेम माणसाच्या कमरेएवढं. मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर म्हशीशेजारी रेडकू दिसावं. पण द्राक्षाच्या दोन ओळींमधून, मांडवाखालून घुसावं त्यानंच. तात्या त्याच्यावर बसला की गुडघे कानाला लागायचे. घड औषधात बुडवणाऱ्या डिपिंगच्या बायका हसायच्या, तर हा गडी आणखी वाकून, जीभ बाहेर काढून चालवायचा.

ओळ संपली की अशा ट्रॅक्टरला जागच्या जागी फिरवावं लागतं. त्यासाठी त्याला दोन ब्रेक असतात, एक डाव्या चाकाचा, एक उजव्या. पॅडल शेजारीशेजारी. उजवं दाबलं की उजवं चाक थांबतं आणि ट्रॅक्टर उजवीकडे गर्रकन वळतो. तात्या असा वळवायचा की बांधावरची ताटली उलटायची नाही. हे मी पाहिलंय. ताटली माझीच होती, त्यात पिठलं होतं.

पुढं बाग उपटली, तिथं ऊस आला, आणि रावजींनी तो ट्रॅक्टर तात्याला देऊन टाकला. तात्याच्या पोराचं, बुद्धघोषचं लग्न झालं तेव्हा नवरानवरी विहारापासून घरापर्यंत त्यावरूनच आली. नवरी मेघना, पणदऱ्याची, बारावी शिकलेली. मडगार्डवर बसलेली, एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचा खांदा धरून इतकी हसत होती की मालनबाई, म्हणजे तात्याची बायको, मला म्हणाली, "दत्तूभावजी, दृष्ट काढाय पायजे हिची." आता वाटतं, काढायला हवी होती. पण तात्याच्या घरात असलं काही चालत नाही आणि तेच बरोबर आहे.

करोनाच्या आदल्या वर्षी बुद्धघोष गेला. तात्या तापानं अंथरुणाला होता म्हणून शेळ्यांच्या चाऱ्यासाठी मका आणायला तो ट्रॅक्टर घेऊन गेला. दुपारी मित्राच्या हळदीला जेवला, मका भरला आणि कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं घराकडं निघाला. पुलाच्या उतारावर सारजाबाईच्या शेळ्या रस्त्यात आल्या. तिनं सांगितलं ते एवढंच: पोरानं ब्रेक मारला आणि ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी कुणी कान धरून ओढल्यासारखा उजवीकडं वळला, तो थेट पाण्यात.

पंचनाम्यात ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढंच आलं. दारूचं गावानं आपल्या तोंडानं जोडलं. लख्ख ऊन, सरळ रस्ता, हळदीचं जेवण. शुद्धीतला माणूस सरळ रस्त्यावरनं कालव्यात जाईल का? हा प्रश्न आला की तात्या उठून शेळ्यांकडं जायचा. मेघना तर मान खाली घालायची. कारण त्या सकाळी तिनं बुद्धघोषला बजावलं होतं, "पिऊन यायचं असलं तर येऊच नका." तिच्या तोंडचं नवऱ्यासाठीचं शेवटचं वाक्य ते. पोरगी पायल तेव्हा पहिलीत. वर्षाच्या आत मेघना तिला घेऊन बारामतीला गेली, एका दवाखान्यात नोकरीला लागली, आणि अंथुर्ण्याला येणं वर्षातनं एकदाच उरलं, बुद्धघोषच्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला.

मी दरवर्षी जातो. त्रिसरण, पंचशील आता मलाही पाठ झालंय. पहिल्या चार शीलांपर्यंत सगळे डोळे मिटून असतात. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. ते आलं की एकेक डोळा उघडतो आणि मेघनाकडं वळतो. दरवर्षी. गेल्या वर्षी पायल, तोवर सातवीत गेलेली, त्या शीलापाशी अडखळली आणि कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांच्या देखत आजीला म्हणाली, "आज्जी, बाबा पिऊनच गेले ना?" मालनबाईच्या हातातला खिरीचा डाव तसाच राहिला. मेघना पोरीला दंडाला धरून उठली आणि मिळेल त्या एसटीनं निघून गेली.

संध्याकाळी तात्या माझ्याकडं आला. म्हणाला, "दत्तू, ब्रेक फेल झाला असणार. खोलतो आन दावतो."

कालव्यातनं काढलेला ट्रॅक्टर त्याच्या परसात लिंबाखाली पडून होता. भंगारवाला दोनदा येऊन गेला, मालनबाईनं परतवला. सीटमधून एरंड उगवला होता. रेडिएटरमध्ये खारीचं घर. इंजिन असं गच्च बसलेलं की तात्यानं पहारीनं फिरवायला घेतलं तर पहार वाकली. मी म्हणालो, ब्रेकच बघायचाय ना, तेवढाच खोल, सगळा कशाला उकरतोस? तर म्हणतो, गंजलेलं लोखंड दाखवून पोरीचं समाधान होईल का? चालवून दाखवायला पाहिजे.

मग काय, आम्ही दोन म्हातारे कामाला लागलो. मी म्हणजे नुसता बोलायला. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवायचं, रोज येऊन थोडं हलवून बघायचं. एके दिवशी कुठंतरी ‘कट्’ वाजलं आणि तात्या असा हसला की मला शाळेतलं पोतं आठवलं. इंजिनाचं हेड तासून घ्यायला बारामतीला लेथवाल्याकडं न्यायचं होतं. ते खताच्या गोणीत घालून एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, आजोबा, गोणीत काय? तात्या म्हणाला, डोकं. कंडक्टर दोन पावलं मागं सरला. मी गोणीचं तोंड उघडून दाखवलं, तर म्हणतो, मग याचं अर्धं तिकीट काढा. सगळी गाडी हसली. तात्याही हसला, आणि मग खिडकीतनं कालवा दिसायला लागला तसा गप्प झाला.

पिस्टनच्या रिंगा भंगारबाजारात एका दुसऱ्याच मशीनच्या मिळाल्या, घासून बसवल्या. उंदरांनी खाल्लेली वायरिंग नव्यानं ओढली. पत्र्याचा गंज घासताना खालून जुना लाल रंग निघायचा, तेव्हा मालनबाई दारातून बघायची आणि आत जायची. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तात्या सगळीकडं हात घालत होता, ब्रेकला सोडून. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तेच त्यानं शेवटाला ठेवलं होतं. मी विचारलं नाही. बडबड्या माणसालाही कधीकधी गप्प बसायचं कळतं.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी काळा धूर असा निघाला की शेजारची शेरडं दावी तोडायला लागली. मी टाळ्या पिटल्या. तात्यानं इंजिन लगेच बंद केलं आणि पाना उचलला.

त्यानं मागच्या दोन्ही चाकांचे ड्रम उघडले. आत चिखल वाळून वीट झालेला, पण ब्रेकचे शू जागच्या जागी. डावे-उजवे सारखेच झिजलेले. दांडे शाबूत, स्प्रिंगा शाबूत. तात्यानं परत परत बोट फिरवून पाहिलं. ब्रेकमध्ये कसलाही बिघाड नव्हता.

तो तिथंच मातीत बसला. मीही बसलो. त्याचं तोंड बघवत नव्हतं. म्हणजे पोरगा प्यायलेलाच होता, हे त्यानं आपल्या हातानं खोलून बाहेर काढलं होतं.

मग हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यानं स्क्रू ड्रायव्हर घेऊन पॅडलवरचा वाळका चिखल खरवडायला सुरुवात केली. खपली निघाली. उजव्या पॅडलच्या कडेला लोखंडाचा एक बोटभर तुकडा बाहेर आलेला दिसला. टोक सरळ कापलेलं. त्यावर गंज होता, पण काप मोडल्याचा नव्हता, ब्लेडचा होता.

मी म्हणालो, हे काय रे? त्यानं पायातली चप्पल काढली, उघडा पाय उचलला आणि पॅडलांवर आडवा ठेवला. टाचेखाली एक पॅडल, चवड्याखाली दुसरं. दोन्ही एकदम खाली गेली. पाय तसाच ठेवून तो तिकडं बघत राहिला.

मग तुटक तुटक सांगितलं. ट्रॅक्टर रस्त्यावर आला की दोन्ही पॅडल एका कडीनं जोडायची असतात, म्हणजे दोन्ही चाकांना ब्रेक सारखा लागतो. बागेत मात्र ढेकळावरून उसळी बसली की ती कडी आपोआप पडून पॅडल जोडली जायची. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळायच्या ऐवजी सरळ जाऊन मांडवाच्या खांबाला धडकायचा. एकदा दोन खांब वाकले, रावजी बोलू नये ते बोलले. दुसऱ्या दिवशी तात्यानं लोखंड कापायचा हॅक्सॉ घेऊन कडीच कापून टाकली. एकट्यानं नाही, त्या काळी निम्म्या बागांतल्या ड्रायव्हरांनी हेच केलं होतं. रस्त्यावर तो आडवा पाय टाकायचा. दहा नंबरचा पाय, दोन्ही पॅडल झाकायचा. इतकी वर्षं झाली की कडी होती हेच तो विसरला.

बुद्धघोष आईच्या अंगलटीचा. त्याचा पाय लहान आणि पायात स्लीपर. ट्रॅक्टर रस्त्यानं न्यायचा तात्या, पोरगा चालवायचा तो रानात. त्या दिवशी शेळ्या आडव्या आल्या, पाय सापडेल त्या पॅडलवर पडला, आणि ते उजवं होतं.

मी त्याला म्हणालो, मेघनाला नुसतं ब्रेक खराब होता म्हणून सांग. खोटं नाही ते. तो म्हणाला, "आर्धं हाय."

वेल्डरकडून त्यानं नवी कडी बसवून घेतली आणि मेघनाला बोलावलं. ती सुट्टी काढून एकटीच आली. तात्यानं ट्रॅक्टर वस्तीच्या मोकळ्या पटांगणात नेला. कडी उचलून ठेवली, वेग दिला आणि फक्त उजवं पॅडल दाबलं. ट्रॅक्टर उजवीकडं असा फिरला की मागचं चाक क्षणभर उचललं गेलं. मालनबाईनं डोळे झाकले. मग त्यानं कडी लावली, तसाच वेग दिला, ब्रेक दाबला. ट्रॅक्टर जागच्या जागी सरळ थांबला. तात्या खाली उतरला आणि मला सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. हॅक्सॉसुद्धा.

मेघनानं वाकून त्या कडीला हात लावून बघितला. सासऱ्याला ती मामा म्हणते.

"म्हंजी ते पिलेले न्हवते."

"न्हवता."

"आन तुमाला ठावं हुतं, मामा."

"पायाला ठावं हुतं," तात्या म्हणाला. "मला न्हाय."

मला वाटलं आता ती रडेल, मग मालनबाई तिला जवळ घेईल, मी काहीतरी बोलेन. मी शब्दही जुळवून ठेवले होते. ती रडली नाही. पदर खोचला, पर्स खांद्याला लावली.

"इतकी वरसं मला वाटत आलं, माझ्याच तोंडानं गेले. येऊच नका म्हणले आन आले न्हाईत." मग म्हणाली, "घरी गेल्यावर पायल इचारंल. तिला काय सांगू? बाप दारू पिऊन गेला म्हणू का आजोबानं घालवला म्हणू? तुमीच सांगा."

मालनबाई मध्ये पडायला गेली. तात्यानं हातानं थांबवलं.

"आजोबानं घालवला म्हणून सांग."

"सांगते," ती म्हणाली आणि रस्त्याकडं चालायला लागली. स्टँडपर्यंत सोडायला कुणी आलेलं तिला नको होतं.

या वर्षी पुण्यानुमोदन दोन ठिकाणी झालं. मेघना आणि पायलनं बारामतीत आपल्या खोलीवर केलं. अंथुर्ण्यात नेहमीची माणसं जमली. मालनबाईनं खीर जास्तच केली होती, तिला अजून आशा होती. पाचवं शील आलं तेव्हा वळून बघायला समोर कुणी नव्हतं. लोकांनी डोळे उघडले आणि परत मिटले.

शीलं संपल्यावर तात्या उभा राहिला. म्हणाला, माझा पोरगा प्यालेला नव्हता. ट्रॅक्टरची कडी मी कापली होती, त्यानं तो गेला. एवढंच बोलून खाली बसला.

लोक पानं मांडायला उठले. जेवायला पंगत बसताना माझ्या पाठीमागं कुणीतरी हळूच म्हणालं, म्हातारा पोराचं झाकतोय. तात्यानं ऐकलं की नाही मला माहीत नाही. तो सतरंजीच्या टोकाला बसला होता, आणि वाढणाऱ्यांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून असेल, ते भले मोठे पाय त्यानं मुडपून धोतराखाली घेतले.