मोठवरून वळसा

“झाशीत हे रिव्हॉल्वर माझं आहे, ओरछ्याच्या फाट्यावर तेच गुन्हा ठरतं,” असं सुभाषचंद्र एकदा म्हणाले होते. आवाजात राग नव्हता. जुन्या गुडघेदुखीबद्दल बोलावं तसे ते बोलले.

त्यांचे पूर्वज इथे झाशीत पुजारी म्हणून आले तेव्हा ही राज्यांची हद्द नव्हती. आता शहरातून निघालं की थोड्याच वेळात मध्य प्रदेश लागतो आणि तो कुणाला जाणवत नाही. बोली तीच, धूळ तीच, टपरीवरचा चहाही तसाच उकळलेला. सुभाषचंद्रांना मात्र जाणवतो, कारण त्यांच्या परवान्यावर फक्त उत्तर प्रदेश आहे. तरुणपणी ते एका खासगी कारखान्याची पगाराची पेटी सांभाळायचे, तेव्हा तो मिळाला. कारखाना बंद पडला, परवाना उरला. साठीनंतर पोटासाठी तोच कामी आला. स्वतःचं हत्यार असलेला गार्ड इथे लगेच ठेवून घेतात.

ते सीपरी बाजारातल्या सोनीजींच्या सराफी दुकानात लागले. अधूनमधून दागिने घेऊन मऊरानीपूरला जायचं असे. सरळ रस्ता मध्येच ओरछ्याच्या बाजूने परराज्यात शिरतो आणि बरुआसागरच्या अलीकडे परत येतो. पहिल्याच खेपेला सुभाषचंद्रांनी ड्रायव्हरला मोठ गावाकडे वळायला लावलं. मोठवरून गुरसराय, तिथून मऊरानीपूर. रस्ता कितीतरी लांबचा, पण सगळा आपल्याच राज्यातला. सोनीजी कुरकुरले, मग गाडीत झोपायला शिकले.

सगळ्या देशात चालेल अशा परवान्यासाठी सुभाषचंद्रांनी अर्ज केला होता. कचेरीतल्या बाबूने वर पाहून विचारलं, “पंडितजी, इस उमर में पूरा भारत घूमोगे?” सगळे हसले, सुभाषचंद्रही हसले. अर्ज पोलीस ठाण्यात गेला, ठाण्यातून कचेरीत आला, पुन्हा ठाण्यात गेला. त्या फाट्यावर कोण बघतंय, असं त्यांची बायको बकुळा म्हणायची. ज्या दिवशी बघतील त्या दिवशी परवाना जाईल, ते म्हणायचे, आणि परवान्याशिवाय मला कोण ठेवणार? ती गॅसकडे वळायची. कुकरची शिट्टी व्हायची.

या हिवाळ्यात सोनीजी अंथरुणाला खिळले आणि मुलगा राघवेंद्र गादीवर बसू लागला. पोरगा चांगला, चाचा म्हणणारा, वाकून पाया पडणारा. फक्त त्याला हा वळसा समजेना. एके दिवशी मऊरानीपूरहून लग्नघरचे सारखे फोन करत होते. दागिने दुपारच्या आत हवे होते. सरळ रस्त्याने जायचं, राघवेंद्र म्हणाला. सुभाषचंद्रांनी पुन्हा सगळं समजावलं. हत्यार कमरेला असो, पिशवीत असो, डिकीत असो, हद्दीपलीकडे गुन्हा एकच.

“चाचा, लूटने वाला क्या आपका लाइसेंस पढ़ के आएगा?”

ड्रायव्हर हसला. सुभाषचंद्र दमून खुर्चीत बसले. मग हत्यार घरी ठेवून येतो, नुसताच बसतो गाडीत, म्हणाले.

“खाली हाथ आपका मैं क्या करूँगा?” राघवेंद्र सहज बोलून गेला. त्याचं त्यालाच ते बरं वाटलं नसावं, कारण लगेच आवाज मऊ करून म्हणाला, “ऐसा करो, मुझे दे दो। मेरी जेब में रहेगा। पकड़े गए तो मैं पकड़ा जाऊँगा, आप नहीं।”

आणि त्याने काउंटरवर हात पुढे केला. त्याला हा मोठेपणा वाटत होता. ज्याच्या नावाचं हत्यार त्यानेच ते दुसऱ्याच्या हाती दिलं तर परवाना तिथेच संपला, आणि या पोरालाही तुरुंग, हे त्याच्या गावीही नव्हतं. मागच्या खोलीतून सोनीजींचा खोकला ऐकू येत होता.

“नहीं देना तो कल से मत आइए, चाचा। मैं दूसरा देख लूँगा।”

सुभाषचंद्र त्या हाताकडे पाहत राहिले. गोरा, स्वच्छ हात, बोटात पुष्कराज. त्यांनी स्वेटर ओढून कमरेचा पट्टा झाकला, खुर्ची जागेवर सरकवली, काचेचं दार ढकललं आणि बाहेर पडले.