साहेबापुढची खात्री

आमचे मास्तर इंग्रजी शिकवायचे ते छडीने. उत्तरात जरा चाचरलं, ‘कदाचित’ म्हटलं की हात पुढे! येत असेल तर ठणकावून सांग, नाहीतर मार खा. त्यामुळे मॅट्रिक झालो तेव्हा माझ्या इंग्रजीत शंकेला जागाच उरली नव्हती. आणि आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर माणूस स्वतःच्या बैलाबद्दलही “असन बाप्पा तिथीच” म्हणतो, म्हणजे असेल; ‘आहे’ असं म्हणत नाही. छातीठोक बोलणारा उर्मट ठरतो.

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी धानोऱ्याला जंगल ऑफिसात कारकून लागलो. साहेब मद्रासकडचे, मराठीचा गंध नाही. एके दिवशी लाकूड डेपोतून सागवानाचा लठ्ठा चोरीला गेला आणि संशय चौकीदारावर आला. गोंड माणूस. त्याची झोपडी माझ्या खोलीला लागूनच. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा त्याच्याच बायकोने मला पेज पाजली होती.

त्या पहाटे धुक्यात बैलबंडी हाकत पायी चाललेला एक जण मी पाठमोरा पाहिला होता. चाल चौकीदारासारखी वाटली. असन. नसनही.

मी कोणाला तरी पाहिल्याचं साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी चौकीदाराला समोर उभं केलं आणि मला इंग्रजीत विचारलं, तो हाच का? धुकं होतं, तोंड दिसलं नाही, एवढंच सांगायचं होतं. इंग्रजी शब्द सगळे पाठ होते, चुलीत गेले ते! साहेबांनी टेबलावर रूळ आपटला, “येस ऑर नो?” माझा तळहात आपोआप मिटला.

“येस सर. ही वॉज द मॅन, सर.”

एकही चूक नाही. साहेब “गुड” म्हणाले आणि लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर चौकीदाराने विचारलं, “काय म्हटलं भाऊ तुमी साहेबाले?”

“पक्कं नाई सांगता येत, म्हटलं.”

मराठीत किती सहज आलं! थू माझ्या जिंदगानीवर.

दोन दिवसांत त्याची नोकरी गेली, झोपडीही गेली. निघताना तो चारोळीची पुडी घेऊन माझ्या दारात आला.

“तुमी तं माह्या बाजूनं बोलले भाऊ, साहेबच नाई आयकला. पोरीले शाळेत टाकतो आता. तुमच्यासारखं इंग्रजी आलं पायजे तिले.”

मी पुडी घेतली.

“तिले इंग्रजी येईन,” म्हटलं. “नक्की येईन.”