हौदातल्या शेपट्या

गोदाबाईंनी लोणच्याची बरणी माझ्या टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आला तो वास लोणच्याचा नव्हता.

"पाहा बाई," त्या म्हणाल्या, "माह्या म्हशी हे पिऊन राहिल्या."

बरणीत गढूळ पाणी होतं आणि त्यात काही अळ्या. राखाडी, बोटाच्या पेराएवढ्या, डोकं कुठलं ते कळू नये अशा. प्रत्येकीला एक शेपटी, अंगापेक्षा कितीतरी लांब, थेट उंदरासारखी. शेपटीचं टोक पाण्याबाहेर काढून त्या निवांत लोंबत होत्या. मी बरणी हलवली. शेपट्या आत ओढल्या गेल्या आणि जरा वेळानं पुन्हा वर आल्या.

मी जनावरांची डॉक्टर. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपूरच्या एका सरकारी लॅबमध्ये मी नोकरीला होते. लोक आम्हाला जनावरांचं शेण, रक्त, कधी मेलेल्या बैलाच्या काळजाचा तुकडा आणून देत आणि त्यात काय आहे ते आम्ही सांगत असू. पोटातले जंत मी झोपेतही ओळखले असते. ही वस्तू मात्र मी जन्मात पाहिली नव्हती.

"काय हाये हे?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

गोदाबाईंनी भिंतीवरच्या माझ्या फ्रेम केलेल्या डिग्रीकडे पाहिलं. "मंग ते काहून टांगून ठेवलं?"

नागपूरला लागून असलेलं हुडकेश्वर तेव्हा गावच होतं. तिथं गोदाबाईंचा म्हशींचा गोठा. नवरा गेल्यापासून धंदा त्या एकट्या चालवत. सायकलवाल्यांकडून दूध शहरात, महाल भागात जायचं. होळी जवळ आली होती आणि त्यांच्या म्हशींना हगवण लागली होती. दूध निम्म्यावर आलं, एक वगार, म्हणजे अजून न व्यायलेली तरुण म्हैस, दगावली. आणि मग पाणी पाजायच्या हौदात ह्या शेपट्या दिसल्या. ही बातमी दुधाच्या आधी महालात पोचली आणि गिऱ्हाइकं तुटायला लागली.

"माह्या दिराचं काम हाये हे," गोदाबाई म्हणाल्या. "नामदेवाचं. वाटणी झाली तवापासून त्याचं तोंड वाकडं. भिंतीपलीकडूनच टाकलं त्यानं. मी ठाण्यात जाऊन राहिली. तुमी फकत लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"का नामदेवानं टाकलं म्हणून."

"बाई, अळीच्या अंगावर टाकणाऱ्याचं नाव नसतं."

"मंग लॅब कायले म्हणते हिले?"

मी त्यांना एवढंच सांगितलं, की हौदाचं पाणी आजपासून बंद. विहिरीचं पाणी बादलीनं पाजा. त्या पुटपुटत गेल्या. बरणी माझ्याकडे राहिली.

आमचे साहेब तरुणपणी काही महिने एडिनबर्गला शिकून आले होते. म्हणजे विमान परत आलं होतं, साहेब अजून यायचे होते. त्यांनी बरणीवर भिंग धरून बराच वेळ पाहिलं. कपाळावर घाम आला तरी भिंग हलवलं नाही.

"बॉट असेल का सर?" मी विचारलं. बॉट म्हणजे घोड्याच्या पोटात वाढणारी एका माशीची अळी.

"नॉनसेन्स. बॉटला शेपटी नसते. मॅडम, धिस इज अ न्यू पॅरासाइट. म्हशीच्या आतड्यातून बाहेर पडलेला. एडिनबर्गलासुद्धा मी हा पाहिला नाही."

एडिनबर्गला म्हशी नाहीत, हे मी बोलले नाही. नोकरी नवीन होती.

साहेबांनी लगेच दोन गोष्टी केल्या. पुण्याच्या मोठ्या साहेबांना ट्रंक कॉल लावला. आणि मला हुकूम दिला, की हुडकेश्वरच्या हौदात मोरचूद टाकायचं. मोरचूद म्हणजे ते निळे खडे. गोगलगायी मारायला ते पाण्यात चिमूटभर टाकतात. साहेबांना पोतं टाकायचं होतं.

"सर, इतक्या मोरचुदानं म्हशीही मरतील."

"मग हौद सील करा. गोठा सील करा. दुधाचा थेंब बाहेर जाता कामा नये. आणि स्पेसिमेन जपा." मग जरा आवाज खाली आणून ते म्हणाले, "नवीन जातीला शोधणाऱ्याचं नाव देण्याची पद्धत आहे, तुम्हाला ठाऊक असेलच."

गोठा सील म्हणजे गोदाबाईंचा धंदा संपला. एकदा सरकारी लाख लागली की महालात त्या घरचं दूध पुढची पिढीसुद्धा घेणार नाही. मी म्हटलं, "सर, सील करायच्या आधी कारण लिहावं लागेल. रोगाचं नाव काय लिहू?"

साहेब थांबले. नाव तर अजून पुण्याहून मंजूर व्हायचं होतं. "पुण्याचे साहेब येईपर्यंत थांबा," ते म्हणाले. मोरचूदही त्यातच थांबलं. सरकारी कामात उशीर हे औषध आहे, फक्त योग्य वेळी द्यावं लागतं.

दरम्यान मी म्हशींचं शेण तपासलं. पुष्कळ तपासलं. त्यात नेहमीचे जंत होते, पण शेपटीवाली एकही अळी नव्हती की तिचं अंडं नव्हतं. म्हणजे ती म्हशीच्या आतून येत नव्हती. मग येत कुठून होती? अळी म्हणजे कशाचं तरी पोर. पोर ओळखता येत नसेल तर मोठं होऊ द्यावं, असा विचार करून मी एका मोठ्या बरणीत अर्ध्या बाजूला ओली माती, अर्ध्या बाजूला तेच घाण पाणी ठेवलं, अळ्या सोडल्या आणि तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. काही दिवसांत त्या पाण्यातून निघाल्या, मातीत शिरल्या आणि कडक, तपकिरी कोष होऊन पडल्या. शेपटी तशीच, वाळलेली. साहेब रोज येऊन बरणीला नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवत.

पुण्याचे साहेब आले त्या सकाळी बरणी गुणगुणत होती. मी आमच्या साहेबांना सांगायला गेले, पण ते पुण्याच्या साहेबांना घेऊन थेट लॅबमध्येच शिरले. पाठोपाठ सगळा स्टाफ.

"हा तो पॅरासाइट," असं म्हणून साहेबांनी फडक्याची गाठ सोडली.

बरणीतून मधमाश्या निघाल्या. निदान सगळ्यांना तसंच वाटलं. तपकिरी, पोटावर पिवळे पट्टे, आवाज तसाच. स्टाफ दारातून बाहेर. साहेब टेबलाखाली. पुण्याचे साहेब वयस्कर, त्यांना वाकता येईना, म्हणून ते फाइल डोक्यावर घेऊन उभे राहिले.

एक खिडकीच्या काचेवर बसली होती. मी हात लावू की नको असं करत जवळ गेले. मधमाशीला चार पंख असतात. हिला दोनच होते. मी तिला मुठीत धरलं. तिनं काही केलं नाही.

"माशी आहे सर," मी म्हटलं. "मधमाशीचं सोंग घेतलेली. चावत नाही. हिची अळी घाणेरड्या, शेणमुताच्या पाण्यात वाढते. ती शेपटी म्हणजे तिची श्वास घ्यायची नळी. वर धरून हवा घेते आणि खाली घाण खाते. म्हशीशी तिचा संबंध नाही."

अळीबद्दलचं हे सगळं मी आदल्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत कोषांचं चित्र सापडल्यावर वाचलं होतं. ते सांगायची गरज वाटली नाही.

पुण्याचे साहेब फाइल खाली घेत म्हणाले, "म्हणजे नवीन काही नाही."

"जुनीच माशी आहे," मी म्हटलं.

टेबलाखालून आवाज आला, "मला पहिल्यापासूनच शंका होती."

मला आता वेगळीच शंका होती. पिण्याच्या हौदात ही अळी वाढतेय, म्हणजे तिथं शेणमूत पोचतंय. मी हुडकेश्वरला गेले. हौद अर्धा जमिनीत, दिराच्या भिंतीला लागून. हौदाच्या दुसऱ्या बाजूनं गोठ्याची नाली जात होती, वर फरशा टाकलेली. स्लाइडवर वापरतो तो जांभळा रंग मी बाटलीभर आणला होता. तो मी नालीच्या वरच्या तोंडाशी ओतला आणि बादल्यांनी पाणी सोडलं. गोदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. भिंतीवरून नामदेव डोकावत होता. हौद आम्ही आधीच उपसून स्वच्छ पाण्यानं भरला होता.

"काय होऊन राहिलं, वयनी?" त्यानं विचारलं.

"तुही चोरी पकडून राहिली."

जरा वेळ काही झालं नाही. मग हौदाच्या एका कोपऱ्यात, नालीच्या बाजूला, जांभळी रेघ उमटली. ती हळूहळू पसरली. नामदेवाच्या भिंतीकडची बाजू स्वच्छच राहिली.

 मग नामदेव म्हणाला, "नाली कोणाची हाये, वयनी?"

गोदाबाईंनी हौदाकडे पाहिलं. "माही हाये," त्या म्हणाल्या. "पण तुले माहीत होतं तर बोलला काहून नाई?"

"मले काय माहीत? मी तं तुमच्याशी बोलतच नाई."

हौद फोडून नव्यानं बांधला, नाली दुसरीकडून काढली. म्हशींची हगवण विहिरीच्या पाण्यावर आधीच थांबत आली होती. वगार कशानं मेली ते मला सांगता येणार नाही, मी पोचायच्या आत तिला पुरलं होतं. ठाण्यात कोणी गेलं नाही. नव्या हौदाचं पाणी तपासून ते चांगलं असल्याचं मी लिहून दिलं, आणि गोदाबाईंनी तो कागद महालात दारोदार दाखवला. निम्मी गिऱ्हाइकं परत आली. निम्मी आली नाहीत. गोदाबाईंनी दिराकडे दुधाचा लोटा पाठवला, तर नामदेवानं निरोप धाडला, की आधी तुम्ही पिऊन दाखवा. त्यांनी त्याच्या ओट्यावर उभं राहून अर्धा लोटा संपवला आणि उरलेला त्याला दिला. माफी कोणी कोणाची मागितली नाही.

आमच्या रिपोर्टात सगळा शोध साहेबांच्या मार्गदर्शनाखाली लागला. एका अर्थी ते खरंच होतं. गाठ त्यांनीच सोडली.

पाण्यात किडा दिसला की लोक विचारतात, हा कोण? पुढे माझ्याकडे अशा पुष्कळ बरण्या आल्या. मी त्यांना आधी विचारायची, तुमची नाली कुठून जाते? बहुतेकांना राग यायचा. उत्तर बहुधा तिथंच सापडायचं.