मानाचं मागचं चाक

जगातल्या वस्तू दोनच प्रकारच्या असतात, असं आमच्या दाजींचं ठाम मत होतं: सायकलीला बसवलेल्या आणि अजून बसवायच्या राहिलेल्या. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून ते कऱ्हाडजवळ मलकापूरला घरी परतले. तिथं शेतातला ऊस त्यांचे थोरले भाऊ बघायचे आणि दाजी सायकल बघायचे.

ही सायकल कुठल्या कंपनीची, असं कुणी विचारलं तर दाजींना राग यायचा. माणसाला कुणी कंपनी विचारतं का, असं ते म्हणत. तिचा सांगाडा विलायती, भंगारात मिळालेला, मूळचा कुणा मामलेदारांचा. पुढचा फोर्क दूधवाल्याच्या दणकट सायकलीचा. हँडल शर्यतीच्या सायकलीचं, पण उलटं फिरवून बसवलेलं, कारण वाकून सायकल चालवणं फौजी माणसाला शोभत नाही. चेनकव्हर एका शिक्षिकाबाईंच्या लेडीज सायकलीचं, पोपटी रंगाचं. सीट बंद पडलेल्या मोपेडची. दिवा ट्रॅक्टरचा, परातीएवढा, आणि त्यात डायनॅमोवर मिणमिणणारा एवढासा बल्ब. घंटा तर वाईच्या एका टांग्याची, पायानं वाजवायची. ती वाजली की कऱ्हाडच्या बाजारात लोक टांगा आला म्हणून लगबगीनं बाजूला सरत आणि वळून बघतात तर दाजी! एकदा एका म्हातारीनं त्यांना भर रस्त्यात अडवून विचारलं, “घोडं कुटं गेलं रं मुडद्या?” दाजी शांतपणे म्हणाले, “मीच हाय घोडं, आज्जी,” आणि पुढं गेले.

दुकानातला नवा कोरा भाग त्यांनी या सायकलीला कधी लावला नाही. “नवा पार्ट म्हंजी रंगरूट. त्याला रस्ता काय म्हाईत?” असा त्यांचा सवाल असायचा. भाग कसा कुणाच्या तरी हाताखालून, पायाखालून गेलेला हवा. मग त्याची ओळख करून देताना ते सोयरीक सांगितल्यासारखे घराण्यापासून सुरुवात करत. घरी आलेल्या पाहुण्याला चहाआधी ही वंशावळ ऐकावी लागे. ते कुणाच्या घरी गेले तर मात्र घरातल्या माणसांआधी वस्तूंकडे बघत. सांगलीला आमच्या विश्रामबागेतल्या घरी दाजी येणार असले की आई शिवणयंत्रावर चादर घालून ठेवायची. मलकापूरला अक्काच्या कुकरची मूठ हवा भरायच्या पंपाला गेली होती, पाळण्याच्या कड्या स्टँडच्या स्प्रिंगला लागल्या होत्या. अक्का म्हणायची, “मी तेवढी सायकलीला बसत न्हाई, म्हणून ह्या घरात शिल्लक हाय.”

एवढं असूनही माणसाच्या मनात काडीचा लोभ नव्हता. दुसऱ्याची वस्तू ते मागत ती ती वाया जाऊ नये म्हणून, आणि एकदा सायकलीला लागली की तिचा उद्धार झाला, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं. नेमका या मनापासून वाटण्यानंच माझ्या लग्नात घोळ केला.

लग्न नव्वदनंतर लगेचचं. माझे सासरेही सांगलीचेच, हळदीचे अडते. अतिशय शांत, अतिशय नेटके, आणि शब्द असे मोजके की फोनवर त्यांचं बोलणं संपलं तरी पलीकडचा माणूस वाट बघत राहायचा. साखरपुड्याला गेलो तेव्हा दाजींना त्यांच्या वखारीत, पोत्यांच्या मागं, हळदीच्या धुळीनं पिवळी झालेली एक जुनी विलायती सायकल दिसली. तिच्या मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच, तीन गिअर होते. असं चाक दाजींनी फौजेत असताना एकदाच, एका साहेबाच्या सायकलीला पाहिलं होतं. त्या दिवशी ते सायकलीला दोन प्रदक्षिणा घालून आले आणि परतीच्या वाटेवर कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत.

आमच्याकडे लग्नात जावयांनी रुसायची रीत आहे. ऐन पंगतीच्या वेळी मुलाकडचा मानाचा जावई तोंड फुगवून बाहेर बसतो, मुलीकडचे त्याची समजूत काढतात, अंगठी नाहीतर कापड पुढं करतात, आणि मग तो जेवायला उठतो. दाजींसारखा साधा माणूस रुसेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण पानं वाढली गेली आणि दाजी कार्यालयाच्या पायरीवर जाऊन बसले. सफारीचं कापड आणलं, मान हलली. घड्याळ आणलं, मान हलली. अंगठी आली, तरी तेच. आता हे स्कूटर मागणार, अशी कुजबूज सुरू झाली आणि माझ्या सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनीच जवळ जाऊन विचारलं, “पावणं, मनात काय आहे ते सांगून टाका की.”

“तसलं काय नगं,” दाजी लाजत म्हणाले. “वखारीतल्या सायकलीचं मागलं चाक द्या.”

सगळा मांडव हसला. जीव भांड्यात पडल्यासारखे लोक हसत होते. सासरे तेवढे हसले नाहीत. “दिलं,” एवढंच म्हणाले. दाजींनी त्या हसण्यालाच सगळ्यांची खुशी समजून जिलेबीवर ताव मारला आणि संध्याकाळी पान्यानं चाक सोडवून नेलं.

ती सायकल सासऱ्यांच्या वडिलांची होती. तिच्यावरून ते गावोगाव हळद बघत फिरायचे. हे मला बायकोकडून नंतर कळलं. एका चाकावर भिंतीला टेकलेली सायकल डोळ्यांसमोर नको म्हणून सासऱ्यांनी तिच्यापुढं पोत्यांची थप्पी लावून घेतली होती. मांडवात दिलेला शब्द मागं घेणारे ते नव्हते आणि मनातलं बोलून दाखवणारेही नव्हते. ते फक्त आमच्याकडच्या कार्यांना यायचे बंद झाले. कुठं गाठ पडलीच तर दाजी उत्साहानं सांगायला जात, “पावणं, काय चाक हाय ओ तुमचं! सुपनं गावच्या चढाला लोन्यागत चालतंय.” सासऱ्यांना ते जखमेवर मीठ वाटे. ते “बरं” म्हणत आणि उठून जात. बायको माझ्याकडे बघे, मी आढ्याकडे बघे. दोन्ही घरं माझीच, आणि एका चाकापायी ती कायमची दुरावणार, याची मला खरोखर भीती वाटू लागली होती.

शेवटी मी अक्काला सांगितलं आणि अक्कानं दाजींना. त्या दिवशी म्हणे दाजी जेवले नाहीत, आणि या वेळचा रुसवा स्वतःवरच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मलकापूरहून निघून, इस्लामपूर-आष्टा करत, सांगलीवाडीकडून पूल ओलांडून ते सायकलीवर थेट वखारीत आले. अक्काचा फोन आल्यावर मी स्कूटरवरून पोचलो तेव्हा वखारीच्या दारात सायकल उलटी ठेवलेली होती आणि दाजी पान्यानं मागचं चाक ढिलं करत होते. सासरे गादीवरून उठून बाहेर आले.

“आवं पावणं, माजं चुकलं,” दाजी वर न बघता म्हणाले. “मला वाटलं, पडून हाय. पडलेलं आन ठेवलेलं, ह्यातला फरक मला कळला न्हाई.”

सासरे सायकलीजवळ आले. खाली बसले, हात पुढं करून त्यांनी चाक फिरवलं. दाजींनी ते इतकं निगुतीनं ठेवलं होतं की आरे चकाकत होते. हबमधून बारीक टिकटिक सुरू झाली आणि चाक थांबेपर्यंत चालू राहिली. त्यांनी ते पुन्हा फिरवलं. मग पुन्हा. हमाल पोती खाली ठेवून बघत उभे राहिले.

“मी हा आवाज विसरलो होतो,” सासरे म्हणाले. “हा ऐकू आला की वडील आले, हे घरात कळायचं. ते गेल्यापासून ती सायकल हललीच नाही.”

दाजींनी शेवटची चकती काढायला हात घातला, तसा सासऱ्यांनी त्यांचा हात धरला. “राहू द्या. आवळून टाका परत. फक्त मधनंमधनं इकडं येत जावा. सायकलवर.”

दाजींना असं आमंत्रण एकदा दिलं की पुरे. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी त्यांची सांगलीची फेरी ठरलेली. सासरे आमच्याकडे कार्यांना येऊ लागले. फोनवर “पावणं कधी येणार आहेत?” एवढं आपणहून विचारू लागले, म्हणजे त्यांच्या मानानं ते भाषणच. पुढं त्यांनी व्यापार मुलावर सोपवला आणि दिवसभर घरीच, ओसरीवरच्या गादीवर बसून राहू लागले. तेव्हा दाजी वखारीऐवजी घरी जायचे. मी पुष्कळदा तिथं असायचो. गल्लीच्या तोंडाशी दाजी पॅडल मारायचे थांबत, आणि ती टिकटिक घराकडे येऊ लागे. ती कानावर पडताच आमचे सत्तरीतले सासरे पाठ ताठ करून बसत, टोपी सारखी करत, आणि हातातला तंबाखूचा डबा चटकन गादीखाली सारत. मला ते बघून हसू येई. दाजी आत येऊन, पाणी पिऊन, चुलत्यामालत्यांची चौकशी करत निवांत बसले, तरी तो डबा बराच वेळ गादीखालीच असे.