ओट्याचे लाल सांधे

ओल्या फडक्याचं टोक उचललं आणि माझा हात तिथेच थांबला. ओट्याच्या टाइल पांढऱ्याशुभ्र होत्या, पण टाइलांमधली प्रत्येक रेघ लाल होती. ताज्या जखमेसारखी लाल.

दुसरं फडकं उचललं. तिथेही तेच. फडक्यालाही डाग.

बंगळूरमधल्या एका सरकारी कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये मी तेव्हा हाउसकीपर होते. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. नोकरी नवी, प्रोबेशनवर. मुंबईहून केटरिंगचा डिप्लोमा घेऊन आलेली, अंगावर स्टार्चची साडी, आणि स्वतःबद्दलचं मत त्या साडीहून ताठ. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलंच, घरच्या मराठीत निम्मी कन्नड. पण डिप्लोमा मिळाल्यापासून आजीच्या ‘स्वल्प थांब गं’ला मी ‘वन मिनिट’ म्हणून उत्तर द्यायचे. असलं ध्यान!

काम साधं होतं. दिल्लीहून बडे पाहुणे यायचे होते, किचनचं इन्स्पेक्शन व्हायचं होतं, आणि व्हेज किचनच्या ओट्याचे जॉइंट पिवळे पडले होते. जॉइंट म्हणजे दोन टाइलांमधली सिमेंटने भरलेली बारीक फट. टाइल चकचकीत असते, ती पाणी पीत नाही. जॉइंट मात्र जे सांडेल ते पितो. आणि आमचे आचारी नारायण भट्टरु दर शुक्रवारी शेगडी पेटवण्याआधी अख्ख्या ओट्यावर हळदीचं पाणी शिंपडायचे. त्याशिवाय त्यांचा हात स्वयंपाकाला लागत नसे.

गेस्ट हाऊसचे सुपरिंटेंडेंट म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले कूर्गचे कॅप्टनसाहेब. त्यांनी ओट्यावरून छडी फिरवली होती. “मिस शिंदे, आय वॉन्ट इट व्हाइट.”

“येस सर.” मी पुस्तक आठवलं. दुपारी भट्टरु आडवे झाल्यावर धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवला, जॉइंटवर जाड थापला, वर ओली फडकी पसरली. चहाच्या वेळेला ती उचलली, तर हे.

मागून भट्टरु आले. “अक्का, इदेनु? हे काय?”

ते एकेक पाऊल मागे सरकत उंबऱ्याबाहेर गेले. “शुक्रवारचं पाणी पुसून काढलंत ना? देवी अम्मा कोपली. मी आता या ओट्यावर शेगडी पेटवणार नाही.”

‘डाग व त्यांचे प्रकार’ हा धडा मला तोंडपाठ होता. पण त्या क्षणी आठवली ती रामरक्षा, आणि तीही दुसऱ्या ओळीला अडकली. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात रेघा ओल्या चमकत होत्या. मी एक पुसली. बोट लाल. पुन्हा पुसली. पुन्हा लाल.

आवाज ऐकून कॅप्टनसाहेब आले. त्यांचा देवीच्या कोपावर विश्वास नव्हता. मटणावर होता. त्यांनी रेघेवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि ओरडले, “अँथनी!”

अँथनी मंगळूरचा, नॉन-व्हेज किचनचा कुक. पलीकडून हात पुसत आला आणि सवयीने उंबऱ्याबाहेरच थांबला.

“या ओट्यावर मटण कापलंस?”

“नो सर! मी हा उंबरा कधी ओलांडत नाही. भट्टरुंना विचारा.”

“मग हे रक्त कुणाचं? पाहुण्यांमध्ये निम्मे कडक शाकाहारी आहेत. यू आर फिनिश्ड. संध्याकाळपर्यंत क्वार्टर खाली कर.”

अँथनीचं क्वार्टर किचनच्या खिडकीतून दिसायचं. दोरीवर तान्ह्या बाळाची दुपटी वाळत होती. त्याने तिकडे पाहिलं.

“सर, मी फक्त सोडा लावला होता,” मी म्हणाले.

“सोड्याने टाइलला रक्त येतं? डिप्लोमात शिकवलं वाटतं?”

टायपिस्टला हाक मारत ते ऑफिसकडे गेले. अँथनी क्वार्टरकडे निघाला. मी केलेल्या कशाने तरी एका माणसाचं घर उठत होतं, आणि ते कशाने, हेच मला ठाऊक नव्हतं. आयुष्यात तेवढी कधी घाबरले नाही. अगदी बाळंतपणातसुद्धा नाही.

भट्टरु म्हणाले, “आधी ओट्याची दृष्ट काढू. मग काय ते होईल.”

त्यांनी पितळी ताटात पाणी घेतलं. चिमूटभर हळद टाकली. कनवटीची पानाची चंची सोडून नखभर चुना काढला आणि बोटाने ढवळला. पाणी लालभडक झालं. आमच्याकडे नवी नवरी, बाळंतीण, परदेशातून आलेला मुलगा, सगळ्यांना दारात याच पाण्याने ओवाळतात. मी ते जन्मापासून बघत होते.

मी ताटाकडे पाहिलं. मग ओट्याकडे.

“भट्टरे, थांबा. हे लाल कशाने झालं?”

“हळद आणि चुना. हे काय विचारणं, अक्का?”

“ओट्यावर हळद कुणी घातली?”

“मी.”

“आणि सोडा कुणी?”

त्यांनी बोटावरचा चुना निरखला. “सोडा म्हणजे... चुन्याचा भाऊच की तो!”

मी लिंबू कापून रेघेवर पिळलं. लाल ओसरलं, पिवळं वर आलं. मी साडीचा ओचा धरून ऑफिसकडे धावले. डिप्लोमा, स्टार्च, सगळं वाटेत गळलं. अँथनीची बायको ट्रंकेला दोरी बांधत होती. तिला ओरडले, “सोड ती गाठ!”

कॅप्टनसाहेबांना मी अक्षरशः ओढून आणलं आणि लिंबू त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी पिळलं. बघितलं. पुढच्या रेघेवर पिळलं. मग सगळ्या ओट्यावर पिळत सुटले, लहान मुलासारखे. शेवटी घसा साफ केला.

“अँथनी, रात्रीच्या जेवणाला काय आहे?” माफी मागायची त्यांची पद्धत ही अशी होती.

“मटण, सर,” अँथनी म्हणाला. “माझ्या किचनमध्ये.”

पिवळं म्हणजे पांढरं नव्हे, आणि लिंबाचा आंबटपणा सिमेंटला खातो. म्हणून ओटा लगेच भरपूर पाण्याने धुतला. मग जुन्या करवतीच्या पात्याने सांधे वरवर खरवडले, पांढरं सिमेंट कालवून बोटाने दाबून भरलं आणि ओल्या गोणपाटाखाली मुरू दिलं. कडकडीत वाळल्यावर टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं मेण चोळलं. खिडक्या उघड्या, शेगड्या बंद, कारण टर्पेंटाइन पेट घेतं. मेण बसलं की जॉइंटची तहान संपते. पाण्याचे थेंब वरच्या वर मोत्यासारखे फिरतात. भट्टरुंनी शुक्रवारचं पाणी ताटातून शेगडीपुरतं शिंपडायचं कबूल केलं.

दिल्लीचे पाहुणे वाकून ओटा बघून गेले. “सायंटिफिक मेथड,” कॅप्टनसाहेबांनी त्यांना सांगितलं. पण त्याआधी दारात भट्टरुंनी ओवाळायला लाल पाण्याचं ताट पुढे केलं, तेव्हा हेच साहेब दचकून दोन पावलं मागे सरकले होते.

तेव्हापासून कुठलाही डाग काढण्याआधी मी विचारते, इथे रोज काय सांडतं? आणि भीती वाटली तर हाताशी लिंबू ठेवते. भुताला चालतं, सोड्यालाही चालतं.