पांडवांपाशीचा हरभरा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या येळवशीला मात्र रागाला कारण होतं. येळवस म्हणजे आमच्याकडची रानातली अमावस्या. त्या दिवशी सगळं घर शेतात जेवतं.

कर्करोगाच्या औषधांनी आईच्या जिभेची चव पार गेली होती. काहीही करून द्या, "मातीवानी लागतंय" म्हणून ताट सरकवायची. पोटात काही गेलं नाही तर पुढची औषधं तिला झेपणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं एकच मागितलं होतं, येळवशीला हरभऱ्याचा घोळाणा. कोवळे शेंडे खुडायचे, त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, तिखट-मीठ घालायचं, झालं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. सास्तूरच्या पलीकडं आमचं रान. यंदा हरभरा उशिरा पेरलेला, शेंडे वेळेत खुडायला येतील असं दिसेना, म्हणून अण्णांनी दुकानातून वाढीचं टॉनिक आणून मारलं. मी तुळजापुरात बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते, पण घरात माझी विद्या विचारतंय कोण. शेंडे तरारले खरे, अगदी लुसलुशीत झाले, आणि त्यावर घाटेअळी तुटून पडली. मग घाबरून त्यांनी अळीचं औषध मारलं. आता ती पानं आजारी माणसाला कशी घालायची?

"अण्णा, अळीनं पान कुरतडलं की झाड आतल्या आत एक संप्रेरक तयार करतं," मी बांधावरूनच सुरू झाले. "ते झाडभर निरोप नेतं. मग पानं अळीला पचत नाहीत, पण तेवढा वेळ झाडाची वाढ थांबते. तुम्ही त्याला वाढीचंच संप्रेरक पाजलं. ते वाढायच्या नादात राखण विसरलं."

अण्णा मान खाली घालून ऐकत होते. "तिच्या तोंडाला कायतरी लागावं म्हणून केलं गं," एवढंच म्हणाले. मला त्यांची फार दया आली आणि स्वतःच्या जिभेचा राग आला.

आई कडब्याच्या खोपीत, येळवशीला पुजतात त्या, चुन्यानं रंगवलेल्या दगडांच्या पाच पांडवांपाशी बसली होती. त्या दगडांभोवती कसलाच फवारा मारायचा नाही, हा तिचा नांदायला आल्यापासूनचा दंडक. मी त्याला हसायचे. अण्णांनी एवढ्या घाबरगुंडीतही तो पाळला होता. तिथली झाडं खुरटी, अळीनं खाल्लेली, पण पानांवर बोट फिरवलं तर आंब चिकटत होती. हरभऱ्याची ही आंबट लव अळीला सोसत नाही.

आईनं बसल्या जागेवरून हात लांबवला, एक शेंडा खुडला आणि मी "धुवून देते" म्हणायच्या आत तोंडात टाकला. तिचा चेहरा वेडावाकडा झाला. अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"लई आंबट हाय," ती म्हणाली.

अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले. "आंबट लागलं तुला?"

"मग काय, हरभरा गोड लागंल व्हय?" म्हणत तिनं दुसरा शेंडा खुडला.

अण्णांनी तांब्या खाली ठेवला, उपरण्यानं डोळे पुसले आणि तिच्यासाठी खुडायला लागले.